ड्रेसिंगची ट्रॉली येते तेव्हा

दिवाळी दहा दिवसांवर असताना माझ्या मावशीच्या अंगावर कढईतलं उकळतं तेल सांडलं. उजवा हात, मानेची एक बाजू आणि छाती, डॉक्टर म्हणाले पंधरा टक्के भाजलंय. जखमा भरतील असं सगळे सांगत होते आणि भरल्या पण. मी तिच्याबरोबर बर्न्स वॉर्डात ज्या रात्री काढल्या त्यातलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं तर ट्रॉलीचं चाक. ड्रेसिंगच्या ट्रॉलीचं एक चाक करकरायचं, ट्रॉली अजून लांब कॉरिडॉरच्या टोकाला असायची आणि इकडे मावशी डाव्या हाताने पलंगाची दांडी घट्ट धरायची, श्वास भराभर, कपाळावर घाम. अजून कोणी पट्टीला हातसुद्धा लावलेला नसायचा.

आम्ही सगळे तिला म्हणायचो, "थोडं सहन कर गं." आता त्या वाक्याचा मला खरंच त्रास होतो, कारण नंतर वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले तेव्हा कळलं की भाजल्याच्या दुखण्यात सहन करणं हे काही औषध नाही, उलट न आवरलेलं दुखणं मनात घर करून बसतं.

भाजल्याचं दुखणं एकच नसतं. एक ठणका रात्रंदिवस चालू असतो, मधेच कूस बदलताना कळ येते, आणि ड्रेसिंगच्या वेळचं दुखणं तर वेगळंच, कारण चिकटलेलं गॉज निघतं, जखम धुतात, मेलेली कातडी काढतात, आणि हे एकदा नाही, कित्येक आठवडे चालतं. वरवर भाजलं तर मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात म्हणून भयंकर आग होते, खूप खोल भाजलं तर ती टोकंच जळून जातात आणि मधल्या भागाला टोचलं तरी कळत नाही. नातेवाईकांना वाटतं दुखत नाही म्हणजे कमी भाजलंय, असतं नेमकं उलटं. आणि तिथेही कडेने दुखतंच. पुढे कातडी लावायची वेळ आली की मांडीवरून पातळ थर काढतात, ती मांडीच बर्‍याचदा लावलेल्या जागेपेक्षा जास्त दुखते, हे आधी सांगितलं तर पेशंट निदान घाबरत तरी नाही.

हे रोज होत राहिलं की मज्जारज्जूतल्या पेशी जास्तच संवेदनशील होतात. म्हणजे रेडिओचा आवाज कोणीतरी वाढवून ठेवलाय आणि बटण अडकलंय असं समजा, मग नुसती चादर घासली तरी दुखतं, जखमेच्या बाजूची चांगली कातडी पण दुखते. त्यात मेंदू काल काय झालं ते विसरत नाही, ट्रॉलीचा आवाज आला की शरीर आधीच तयारीला लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला तेच दुखणं जास्त जाणवतं हे खरंच आहे, मनाचे खेळ वगैरे नाहीत. रात्री झोप नाही, झोप नाही म्हणून दुसर्‍या दिवशी जास्त दुखतं, जास्त दुखलं म्हणून भीती वाढते, असं ते चक्र.

२००१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी भाजलेल्या २४ मुलांचा एक अभ्यास छापला. हॉस्पिटलमध्ये असताना ज्या मुलांना मॉर्फिन, म्हणजे दुखणं थांबवणारं जोरदार औषध, जास्त मिळालं होतं, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत पीटीएसडीची लक्षणं, म्हणजे तो प्रसंग परत परत डोळ्यासमोर येणं, दचकून उठणं, जास्त प्रमाणात कमी झाली. चोवीसच मुलं होती म्हणून यावरून शेवटचा निकाल लावता येत नाही, पण दुखणं आवरणं हा मनाचाही उपचार असू शकतो ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे घरचेच म्हणतात नको ते इंजेक्शन, सवय लागेल. डॉक्टरांच्या देखरेखीत मोजून दिलेलं आणि हळूहळू कमी करत आणलेलं औषध आणि व्यसन यात फरक आहे हो. आम्ही एक गोष्ट उशिरा विचारली ती तुम्ही लवकर विचारा, ड्रेसिंगच्या किती वेळ आधी औषध देणार? मावशीला गोळी आणि ट्रॉली एकदमच यायची, गोळीचा उपयोग व्हायला लागेपर्यंत ड्रेसिंग संपलेलं असायचं. एका सिस्टरने वेळ बदलून घेतली, पट्टी पाण्याने नीट भिजवून सैल होईपर्यंत थांबल्या आणि शेवटचा थर मावशीला स्वतःच्या हाताने काढू दिला. त्या दिवशी पहिल्यांदा ती ओरडली नाही.

अमेरिकेत सिएटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी यासाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचा व्हीआर गेम, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायचा गेम, वापरला, ड्रेसिंग चालू असताना पेशंट बर्फाच्या दरीतून जातो आणि बर्फाचे गोळे फेकतो. लक्ष दुसरीकडे गुंतलं की दुखण्यासाठी मेंदूकडे कमी लक्ष उरतं, ब्रेन स्कॅनमध्येही दुखण्याशी संबंधित भागांचं काम कमी झालेलं दिसलं. औषधाबरोबर वापरायचं, औषधाऐवजी नाही. आपल्याकडे हेडसेट नसला तरी मुलाच्या आवडीची गोष्ट तरी मोबाईलवर लावता येते.

घरी आल्यावर सुटलो असं वाटलं, पण मग खाज सुरू झाली. जखम भरताना आणि मज्जातंतू परत वाढताना ही खाज सुटते, महिनोन्महिने राहते, रात्री जास्त. वरून व्रण जाड होऊ नयेत म्हणून घट्ट प्रेशरचे कपडे दिवसाचे २३ तास, तेही मे महिन्यात. आणि आरसा. येणारी प्रत्येक बाई आधी मानेकडे बघायची आणि मग कसं झालं विचारायची, आणि आपल्याकडे भाजलेल्या बाईला कसं झालं विचारताना त्या प्रश्नात दुसराच प्रश्न दडलेला असतो, स्टोव्ह की सासर. डब्ल्यूएचओ म्हणते भारतात दर वर्षी १० लाखाच्या आसपास लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात. त्यातल्या किती जणी घराबाहेर पडायचंच सोडून देत असतील असं सारखं मनात येतं.

दुसर्‍या महायुद्धात इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिन्स्टेडला आर्चिबाल्ड मॅकिंडो नावाचे सर्जन विमानात होरपळलेल्या सैनिकांचे चेहरे नीट करत होते. त्यांनी पेशंटना हॉस्पिटलचे कपडे न देता स्वतःचा युनिफॉर्म घालू दिला, वॉर्डात बिअर ठेवली, आणि गावातल्या लोकांना सांगितलं की यांना घरी बोलवा, बघून तोंड फिरवू नका. १९४१ मध्ये त्या पेशंटनी गिनी पिग क्लब काढला, युद्ध संपेपर्यंत सहाशेच्या वर मेंबर झाले. ऑपरेशनं तर झालीच, पण गावाने कसं बघायचं हे सुद्धा त्या माणसाने उपचारात धरलं होतं.

आमच्या डिस्चार्जच्या कागदावर मलमाचं नाव होतं, फिजिओची तारीख होती, मनाच्या डॉक्टरांबद्दल एक ओळ नव्हती. महिना उलटून गेला तरी स्वप्नं पडत असतील, स्वयंपाकघर टाळलं जात असेल, जगण्यात काही वाटत नाही असं कोणी बोलत असेल तर थांबू नका, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि स्वतःला पेटवून घेतलेलं असेल तर मानसोपचाराचे डॉक्टर पहिल्या आठवड्यातच हवेत. आम्ही सहा महिन्यांनी गेलो. तिथल्या मॅडमनी मावशीला आधी नुसतं स्वयंपाकघराच्या दारात बसायला सांगितलं, मग बंद गॅसजवळ उभं राहायला, मग नुसता लायटर हातात धरायला, प्रत्येक वेळी भीती आपोआप थोडी खाली येईपर्यंत. तिसर्‍या महिन्यात एका सकाळी मी बाहेर पेपर वाचत होते, आतून लायटरचा आवाज आला, थांबला, परत आला, आणि थोड्या वेळाने तिने विचारलं, "साखर किती घालू गं तुला?"