फळी मागे का पळते : एटीव्ही पिकअपमध्ये चढवण्याचं गणित

इंदूरहून खंडवा रस्त्याने सिमरोल, चोरलकडे निघालं की एखाद्या पिकअपच्या हौद्यात जाडजूड टायरांची एटीव्ही, म्हणजे ओबडधोबड जमिनीवर चालवायची चारचाकी मोटारसायकल, बांधलेली दिसते. आपल्याकडे बहुतेक एटीव्हींना रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी मिळत नाही, त्यामुळे शेतघर ते गॅरेज एवढ्या अंतरासाठीही त्यांना नवरदेवासारखं वाहून न्यावं लागतं. वाहून नेणं सोपं आहे. अवघड आहे तो जमीन आणि हौदा यांच्यातला दोन-अडीच मीटरचा चढ. त्यात लोक वजनाला घाबरतात आणि चढवायला तिरकी लावलेल्या फळीकडे दुर्लक्ष करतात. खरं तर उलट करायला हवं.

आधी टेप घ्या आणि रिकाम्या पिकअपच्या हौद्याची जमिनीपासूनची उंची मोजा. ही उंची गाडीगणिक बदलते. हिशेबासाठी ८० सेंटीमीटर धरू. मध्यम आकाराची, ५०० सीसीच्या आसपासची एटीव्ही ३२० किलोची आणि चालवणारा ८० किलोचा, म्हणजे एकूण ४०० किलो. फळी सहा फुटी असेल तर चढ २६ अंशांचा होतो आणि ४०० पैकी १७५ किलो वजन उतारावरून खाली खेचत राहतं. आठ फुटी फळीवर चढ १९ अंशांचा आणि ओढ १३१ किलोची. दहा फुटी फळीवर १५ अंश आणि १०५ किलो. चार फूट जास्तीच्या फळीने ओढ चाळीस टक्क्यांनी कमी होते. यंत्राला हा फरक फारसा जाणवणार नाही, कारण इंजिनात ताकद भरपूर असते. फरक पडतो तोलाला.

एटीव्हीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांत साधारण १३० सेंटीमीटर अंतर असतं. चालवणारा बसलेला असताना सगळ्या वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर आणि दोन्ही आसांच्या बरोबर मधे आहे असं धरू. सपाट जमिनीवर पुढच्या चाकांवर २०० किलो येतात. २६ अंशांच्या चढावर त्यातले ९२ उरतात, बाकीचा भार मागे सरकतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरला झटका दिला तर पुढची चाकं उचलली जातात आणि यंत्र चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतं. सपाटीवर जेवढा झटका सहन होतो त्याच्या फक्त ४६ टक्के सहा फुटी फळीवर चालतो. आठ फुटीवर ६२ टक्के आणि दहा फुटीवर ७० टक्के. चालवणारा ३० सेंटीमीटर पुढे झुकला तर सहा फुटीवरचे ४६ टक्के ५४ होतात. म्हणजे अंग पुढे टाकण्याचा सल्ला बरोबर आहे, पण तो आखूड फळीची भरपाई करत नाही. दोन फुटांनी जास्त लांब फळी त्यापेक्षा जास्त देते आणि तिला कसरतही लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. चाक गाडीला पुढे ढकलतं ते खालच्या पृष्ठभागाला मागे ढकलूनच. जमीन हलत नाही, म्हणून हे आपल्या लक्षात येत नाही. फळी मात्र हलते. तिचं वरचं टोक हौद्याच्या कडेवर नुसतं टेकलेलं असतं, आणि त्या टोकावर किती वजन दाबतंय यावरच ती पकड धरून राहते. आठ फुटी फळीवर पुढची चाकं अगदी वरच्या टोकाशी आलेली असताना त्या टोकावर दोनशे किलोंहून जास्त दाब असतो. पुढच्याच क्षणी पुढची चाकं हौद्यात उतरतात आणि दाब एकदम जवळपास निम्म्यावर येतो, कारण आता फळीवर फक्त मागची चाकं आहेत आणि ती फळीच्या मध्याच्याही थोडी खालीच आहेत. नेमक्या याच क्षणी हौद्याच्या कडेचा अडथळा ओलांडायला चालवणारा ॲक्सिलरेटर वाढवतो. पकड निम्मी, धक्का दुप्पट. फळी मागे सटकते, मागची चाकं खाली पडतात आणि यंत्र हौद्याच्या कडेवर लटकतं.

उपाय स्वस्त आहे, तरी पुष्कळदा तोच राहून जातो. प्रत्येक फळीच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंना कडी वेल्ड करून घ्या. कडीतून रॅचेट पट्टा (खटक्याने आवळता येणारा पट्टा) काढा आणि तो हौद्याखाली, पुढच्या दिशेला, चासीच्या मजबूत भागाला अडकवून ताणा. पट्ट्याची ओढ फळीला गाडीकडे खेचणारी हवी. सरळ वर बांधलेला पट्टा काही धरत नाही. बंपरच्या पत्र्याला किंवा नंबरप्लेटच्या पट्टीला हूक लावू नका. एटीव्ही चढू लागली की पिकअपचे मागचे पाटे (स्प्रिंग) दबतात, हौदा काही सेंटीमीटर खाली येतो आणि ताणलेले पट्टे सैल पडतात. म्हणून पुढची चाकं फळीवर थोडी चढवून थांबा, पार्क ब्रेक लावा, पट्टे पुन्हा ताणा, मग पुढे जा. आणखी एक वाईट सवय म्हणजे फळीवर पाय देऊन उभा राहणारा मदतनीस. ७० किलोंचा माणूस १३१ किलोंची ओढ थांबवू शकत नाही, आणि फळी सुटली तर पहिला फटका त्याच्याच नडगीवर बसतो.

फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, ज्याला इथले ड्रायव्हर डाला म्हणतात, तो साखळ्यांवर आडवा ठेवून त्याच्या बाहेरच्या कडेवर फळी टेकवणं सोयीचं वाटतं, कारण तेवढा चढ लांबतो. पण मागची चाकं वरच्या टोकाशी पोहोचतात तेव्हा त्या कडेवर अडीचशे किलोंहून अधिक भार येतो. साखळी ४५ अंशांत तिरकी असेल तर दोन साखळ्यांपैकी प्रत्येकीवर जवळपास १९० किलोंचा ताण पडतो, झटक्याचा भाग वेगळाच. त्या साखळ्या माल आत राहावा म्हणून असतात, वर कोणी चढावं म्हणून नाही. फाळका पूर्ण खाली सोडा आणि फळीचं टोक थेट हौद्याच्या कडेच्या अँगलवर टेकवा. टोकाला दहा सेंटीमीटरची वाकवलेली पट्टी हवी, म्हणजे ती कडेवर नीट बसते.

फळी लाकडी असेल तर तिची जाडी बघा. मागच्या एका चाकाचे सुमारे १२७ किलो आठ फुटी फळीच्या मध्यावर आले, तर २३ सेंटीमीटर रुंद आणि एक इंच जाड फळीत दर चौरस सेंटीमीटरला ३२० किलोंच्या घरात ताण येतो. शटरिंगची हलकी फळी तेवढ्याला कडाड वाजू शकते. दोन इंच जाडीला तोच ताण ८० वर येतो, कारण ताकद जाडीच्या वर्गाने वाढते: जाडी दुप्पट, ताकद चौपट. लवचिकता तर आठपटीने कमी होते. फळीत गाठ असेल तर ती वरच्या अंगाला ठेवा. फळी वाकताना खालचा थर ताणला जातो आणि फाट गाठीपाशी सुरू होते. पण नियमित काम असेल तर लोहामंडीतून अँगल आणि चेकर प्लेट (उंचवट्यांची नक्षी असलेला पत्रा) आणून फॅब्रिकेटरकडून रॅम्प बनवून घेणं शहाणपणाचं. रुंदी किमान ३० सेंटीमीटर ठेवा. पुष्कळ एटीव्हींची पुढची टायर २० आणि मागची २५ सेंटीमीटर रुंद असतात, आणि पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं आडवं अंतरही जुळेलच असं नाही. दोन रॅम्पमधली जागा ठरवताना दोन्ही मापं घ्या.

लोखंडी रॅम्पची खोड पावसाळ्यात कळते. ओल्या, रंगवलेल्या पत्र्यावर रबर फारसं धरत नाही. फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या एटीव्हीला सहा फुटी चढावर मागच्या भाराच्या ६५ टक्क्यांएवढी पकड लागते. कोरड्या लाकडावरही ती जेमतेम मिळते. आठ फुटीवर ५२ टक्के, दहा फुटीवर ४३ टक्के. चारही चाकं चालू केली तर आठ फुटीवर ३५ टक्क्यांत काम भागतं. म्हणून चढवण्याआधी फोर-व्हील आणि लो गिअर चालू करा. आणि रॅम्पवर दर दहा-बारा सेंटीमीटरवर आडवी सळई वेल्ड करून घ्या, रंग त्यानंतर.

माळव्याची काळी माती ही वेगळी डोकेदुखी आहे. कोरडी असताना दगडासारखी, एक सर पडली की साबण. रॅम्पचं खालचं टोक तिच्यात रुततं, एक बाजू जास्त रुतली की रॅम्प कलतो आणि यंत्र आडवं जायला बघतं. खालच्या टोकाखाली प्लायवूडचा जाड तुकडा किंवा जुनी फळी आडवी टाका. मातीचा उपयोगही करून घेता येतो, आणि ही युक्ती सगळ्यांत स्वस्त आहे. शेतात पिकअपची मागची चाकं एखाद्या कोरड्या, टणक चरात उतरवा आणि रॅम्प बांधावर टेकवा. हौदा ३० सेंटीमीटर खाली आला की तीच आठ फुटी फळी १९ ऐवजी १२ अंशांवर येते. सहा फुटीऐवजी दहा फुटी फळी घेतल्यावर ओढ जेवढे टक्के कमी होते, जवळपास तेवढेच टक्के इथे फावड्याने मिळतात.

पिकअप पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि पुढच्या चाकांपुढे व मागच्या चाकांमागे लाकडी ठोकळे. हौद्याच्या कडेवर चाक आदळलं की पिकअप पुढे सरकायला बघते, आणि ती १० सेंटीमीटर सरकली तरी फळीचं टोक खाली पडायला पुरेसं असतं. हेल्मेट घाला. दोन-तीन मीटर मागून, दोन्ही रॅम्पच्या बरोबर रेषेत, सरळ या. चढावर वेग एकसारखा, चालण्याचा. मागे आणि बाजूला कोणी उभं नको.

मधेच इंजिन बंद पडलं किंवा यंत्र मागे घसरू लागलं तर हात आपोआप जो सापडेल तो ब्रेक आवळतो. तिथे फरक असा. मागे घसरताना मागचा ब्रेक जोरात दाबला तर मागच्या चाकांवर भार जास्त असल्यामुळे तो कडक लागतो आणि सगळं यंत्र त्या चाकांभोवती उलटं फिरतं. पुढचा ब्रेक हळूहळू दाबला तर पुढच्या चाकांवरचा भार कमी होत जाईल तशी त्यांची पकडही कमी होते, म्हणजे तो ब्रेक स्वतःच स्वतःला आवरतो. काही एटीव्हींमध्ये एकाच लिव्हरवर चारही ब्रेक असतात. आपल्या यंत्रात काय आहे ते सपाटीवर आधी बघून ठेवा.

खरं सांगायचं तर एटीव्हीवर बसून ती चढवायची गरजच नसते. हौद्याच्या पुढच्या चौकटीला हात-विंच (दोरी गुंडाळत ओढणारं साधन) किंवा १२ व्होल्टचा विंच बांधला आणि यंत्र न्यूट्रलमध्ये ठेवून ओढलं, तर आठ फुटी रॅम्पवर चाकांचं घर्षण धरून सुमारे १२० किलोंची ओढ लागते. उलटायला माणूसच वर नसतो. वेळ पाच मिनिटं जास्त लागतो, एवढंच. दोरी सरळ रेषेत ठेवा आणि ती ताणलेली असताना तिच्या ओळीत उभं राहू नका.

स्कूटर चढवताना तर वेगळीच अडचण येते. ११० सीसीच्या स्कूटरच्या चाकांत साधारण १२६ सेंटीमीटर अंतर आणि पोटाखाली १७ सेंटीमीटर जागा असते. कडेवर ती सुमारे ३० अंशांपर्यंतच न घासता जाऊ शकते, आणि स्टँड व दबलेलं शॉकअप धरलं तर त्याहूनही कमी. सहा फुटी फळीवर चढ २६ अंशांचा आहे, म्हणून स्टँड कडेवर खरडतो आणि स्कूटर तिथेच अडते. इंजिन चालू ठेवून धक्का देऊ नका, लांब फळी आणा.

बांधणी इंदूरच्या सियागंज बाजारात मिळणाऱ्या रॅचेट पट्ट्यांनी करा, चार कोपऱ्यांना चार, आणि पट्टे यंत्राच्या फ्रेमला अडकवा, सामान ठेवायच्या रॅकला नव्हे. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात ब्रेकच्या वेळी वजनाच्या ०.८ पट जोर पुढे येतो असं धरतात, म्हणजे ३२० किलोंच्या यंत्रासाठी २५६ किलो. पट्टा ४५ अंशांत तिरका असेल तर त्याच्या ताणाचा सत्तर टक्केच भाग आडव्या दिशेने कामी येतो. नायलॉनची दोरी ताणली जाते, ओली झाली की आणखी, आणि गाठ मारली की तिची ताकद बरीच घटते. पट्टा हौद्याच्या धारदार कडेवरून जात असेल तर खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

पट्टे पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांत सैल पडतात, कारण टायर आणि शॉकअप तोवर आपली जागा घेतात. खंडवा रस्त्याने जाणाऱ्यांनी सिमरोलला थांबून ते पुन्हा ताणावेत. पुढे घाटात पठार संपून निमाडात उतार लागतो आणि प्रत्येक ब्रेकला यंत्र पुढे रेटतं. उतरवतानाही पट्टे सोडण्याआधी यंत्र पार्कमध्ये आहे याची खात्री करा. घाटभर ताणून बसलेला पुढचा पट्टा एकदम सुटला आणि पार्क लागलेलं नसेल, तर ते कोणी वर बसायच्या आतच फाळक्याकडे निघतं.