टायरनं रिम खाल्ली

मागच्या मे महिन्यात भाचा सुट्टीत आला होता, त्यानं शोकेसमधली माझी जुनी बीटल बाहेर काढली, म्हणजे फोक्सवॅगन बीटलचं १/२४ मापाचं प्लास्टिक मॉडेल, नऊ वर्षांपूर्वी किटवरून बनवलेलं. चाक फिरवून बघायला गेला तर टायर रिमवर हलेचना. जरा जोर लावला तर टायर निघाला, पण रिमची कड सोबत घेऊनच निघाला. आत बघितलं तर पांढरी रिम जिथं जिथं टायरला टेकत होती तिथं चिकट, मऊ, मेणबत्ती ओघळावी तशी झालेली.

"मामा, गरमीनं वितळून गेली का हे?"

नागपूरच्या पोट्ट्याला मे महिन्यात दुसरं काय सुचणार, बाहेर ४५ डिग्री आणि कूलर फुल स्पीडवर. पण हे गरमीचं काम नाही. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते साधारण १०० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, आपला उन्हाळा कितीही तापला तरी घरातल्या शोकेसमध्ये तिथपर्यंत जात नाही. आणि गरमीच असती तर बॉनेट, बंपर, छत सगळंच बसलं असतं ना, ते तर जसंच्या तसं होतं. फक्त जिथं टायर टेकला तिथंच खड्डा. उत्तर मी त्याला लगेच सांगितलं नाही, कपाटात एक नवं किट पडून होतं, म्हटलं चल हे बनवू, बनवता बनवता तुलाच कळेल.

किट उघडलं की आधी दिसतात त्या फ्रेम्स, प्लास्टिकच्या काड्यांची जाळी आणि तिला लटकलेले पार्ट, त्या काड्यांना हॉबीवाले स्प्रू म्हणतात. हिंगणा एमआयडीसीत कधी इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन चालताना बघितलं असेल तर हे लगेच कळेल. प्लास्टिकचे दाणे २०० डिग्रीच्या वर वितळवायचे आणि प्रेशरनं पोलादी मोल्डमध्ये ढकलायचे, ते ज्या नाल्यांतून पार्टपर्यंत वाहत जातात त्या नाल्या गोठल्या की झाल्या ह्या काड्या. पार्टच्या आतल्या बाजूला छोटे गोल ठसे दिसतात, मोल्ड उघडल्यावर तयार पार्ट बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे ते. पार्ट थंड होताना आकसतो सुद्धा, पण पॉलिस्टायरीन फक्त अर्धा टक्क्याच्या आसपास. बीटल खरी जवळपास ४ मीटर लांब, म्हणजे मॉडेल १७ सेंटीमीटर, त्यात आकसणं एक मिलिमीटरपेक्षा कमी, आणि तेवढा हिशोब मोल्ड बनवतानाच धरलेला असतो. बादलीचं प्लास्टिक वापरलं असतं तर हेच आकसणं तिप्पट-चौपट झालं असतं आणि दार दाराच्या जागी बसलंच नसतं.

हा फरक येतो रेणूंच्या आकारामुळे. पॉलिस्टायरीनचा रेणू म्हणजे कार्बनची एक लांबच लांब साखळी, हजारो कड्यांची, आणि एक सोडून एक कार्बनवर बेंझिनची षटकोनी रिंग लटकलेली. त्या जाड्या रिंगा कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, कशाही लटकतात, म्हणून साखळ्या एकमेकींना चिकटून नीट घडी घालून बसूच शकत नाहीत, शिजवलेल्या शेवया ताटात पडाव्यात तशा गुंतून पडतात. बादलीचं पॉलिप्रॉपिलीन मात्र थंड होताना जागोजागी शिस्तीत रांगा लावतं, रांग लागली की जागा कमी लागते, म्हणून ते जास्त आकसतं. ह्या शेवया आणि ही रांग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पॉलिस्टायरीनची गोष्ट पण भारी आहे. १८३९ साली बर्लिनमध्ये एडुआर्ड सिमोन नावाच्या औषधविक्रेत्यानं स्टोरॅक्स नावाच्या सुगंधी डिंकातून एक तेलकट द्रव काढला, काही दिवसांनी बघतो तर त्याची जेली झालेली. त्याला वाटलं हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम असेल. खरं काय होत होतं, तर छोटे छोटे रेणू आपोआप हात धरून साखळ्या बनवत होते, पण इतका लांब रेणू असू शकतो हेच त्या काळी कुणाच्या डोक्यात नव्हतं. १९२० मध्ये हर्मन श्टाउडिंगर यांनी ते मांडलं तेव्हासुद्धा मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी मान्य केलं नाही. शेवटी १९५३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. मला हा माणूस फार आवडतो, इतकी वर्षं आपल्या म्हणण्यावर टिकून राहिला.

तर पार्ट कापले, पॉलिश पेपरनं घासले, भांडी घासायच्या साबणानं धुतले कारण मोल्डला लावलेलं तेल पार्टवर राहू शकतं आणि मग रंग धरत नाही. आता जोडायची वेळ. भाचा लगेच फेविकॉलची बाटली घेऊन आला. लावून बघ म्हटलं. रात्रभर ठेवलं, सकाळी नखानं उचकटलं तर पापुद्रा अख्खा निघून आला.

"हे त चिपकतच नाही!"

नाहीच चिकटणार. फेविकॉल लाकडाच्या रंध्रांत शिरून वाळतो, प्लास्टिकला रंध्रंच नाहीत. मग मी माझी किटसाठीची सिमेंटची छोटी बाटली काढली, पाण्यासारखी पातळ, झाकणाला ब्रश. नाव सिमेंट असलं तरी पातळ प्रकारात चिकट असं काही नसतंच, फक्त सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, ब्युटाइल ॲसिटेट, ॲसिटोन असलं काहीतरी. दोन पार्ट कोरडेच एकमेकांना लावून धरायचे आणि फटीच्या एका टोकाला ब्रश टेकवायचा, केशाकर्षणानं द्रव स्वतःच सगळी फट धावून जातो. बघायला इतकं छान वाटतं की पोट्ट्यानं तीन वेळा परत करायला लावलं. (खिडक्या उघड्या ठेवून करा हे, वाफ डोक्यात जाते आणि फुप्फुसाला चांगली नाही. लहान मुलांना एकटं सोडू नका.)

आत काय होतं तर सॉल्व्हंटचे बारके रेणू त्या शेवयांमध्ये घुसतात, त्यांना सुट्या करतात, प्लास्टिकचा वरचा थर मऊ होतो. आता या पार्टच्या साखळ्या सरपटत सरपटत त्या पार्टमध्ये जातात आणि त्याच्या इकडे येतात. सरपटत हा शब्द मी माझ्या मनानं नाही वापरला, १९७१ मध्ये पिएर-जिल द जेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं लांब साखळ्यांच्या हालचालीचं गणित मांडलं तेव्हा सापाचंच उदाहरण घेतलं, गुंत्यात आडवं जाता येत नाही म्हणून साखळी स्वतःच्या लांबीच्या दिशेनंच पुढे सरकते. त्यांना १९९१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मग सॉल्व्हंट हळूहळू उडून जातो, शेवया परत घट्ट, पण आता दोन ताटांतल्या एकमेकांत गुंतलेल्या. म्हणजे मधे गोंद असा उरतच नाही, दोन पार्टचा एकच पार्ट होतो. फुटलेली बादली मात्र ह्या बाटलीनं जुडत नाही, कारण तिथं साखळ्या त्या घट्ट रांगेत बसलेल्या, साध्या तापमानाला सॉल्व्हंटला आत शिरकावच मिळत नाही. म्हणून बादलीला गरम सळईचा डाग देऊनच जोडावं लागतं.

भाच्याला हे पटावं म्हणून थर्माकोलचा तुकडा घेतला. थर्माकोल म्हणजे हेच पॉलिस्टायरीन, फक्त फुगवलेलं, बहुतेक सगळी हवाच. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली, पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात तो अजून येतोच. वाटीत थोडं ॲसिटोन घेतलं आणि तुकडा टेकवला, हातभर पट्टी वाटीत उभी उभी गायब झाली आणि तळाशी चमचाभर चिकट लगदा. त्यापेक्षा भारी प्रयोग मी हिवाळ्यात करतो, आपल्या संत्र्याच्या सालीचा. साल दुमडून दाबली की जो बारीक फवारा उडतो तो थर्माकोलवर मारा, थोड्या वेळात तिथं पृष्ठभाग बसलेला दिसतो. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन असतं आणि लिमोनीन पॉलिस्टायरीनला विरघळवतं, इतकं की मॉडेल जोडायचं लिमोनीनवालं सिमेंट बाजारात मिळतं, बाटली उघडली की घरात संत्रं सोलल्यासारखा वास येतो. नागपूरच्या माणसाला याचा आनंद वेगळाच होतो.

इथवर आल्यावर मी त्याला कंपासपेटी आणायला सांगितली. नशिबानं त्यात जे पाहिजे होतं ते होतंच: खोडरबर पारदर्शक पट्टीला घट्ट चिकटलेला, ओढून काढला तर पट्टीवर खड्डा, वर खोडरबराच्या पोताचा ठसा. हे आपल्या सगळ्यांच्या कंपासमध्ये झालेलं आहे आणि आपण ते उन्हाच्या नावावर खपवलेलं आहे. पण रबर म्हणतो तो बऱ्याचदा रबर नसतोच, पीव्हीसी असतो. पीव्हीसी मुळात कडक, आपल्या नळाच्या पाइपासारखा. त्याला मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलासारखं द्रव्य घालतात, बहुतेक वेळा थॅलेट जातीचं, आणि थोडंथोडकं नाही तर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत सुद्धा. हे तेल साखळ्यांना रासायनिक बंधानं बांधलेलं नसतं, नुसतं मधे शिरून बसलेलं असतं. शेजारी पॉलिस्टायरीन टेकलं की ते हळूहळू तिकडे सरकायला लागतं, आणि तिकडे गेल्यावर काय करतं? तेच, शेवया सुट्या करतं. फक्त सिमेंट काही मिनिटांत उडून जातं आणि हे तेल उडतच नाही, म्हणून तिथलं प्लास्टिक मऊ ते मऊच राहतं. खोडरबराला कागदी कव्हर असतं त्याचा हाही एक फायदा, मुलांना ते फाडून फेकू देऊ नका.

"म्हणजे मामा टायर पण खोडरबरच?"

बरोबर. जुन्या किटांचे मऊ काळे टायर पुष्कळदा पीव्हीसीचे असतात. नऊ वर्षं टायर रिमला घट्ट मिठी मारून बसला होता, रोज थोडं थोडं तेल रिममध्ये जात होतं. आणि गरमीचा इथं अगदीच हात नाही असं नाही, तापमान वाढलं की रेणूंचं हे सरकणं झपाट्यानं वाढतं, त्यामुळे थंड गावातल्या शोकेसमध्ये जे व्हायला जास्त वर्षं लागली असती ते आपल्याकडे लवकर झालं. पण गरमी नुसती वेग वाढवते, चोर वेगळाच.

रंगाच्या वेळी पण हेच सगळं परत समोर येतं. सुरुवातीच्या काळात मी गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगला वापरतात तो एनसी थिनर हार्डवेअरच्या दुकानातून आणून रंगात मिसळला होता, पहिला कोट ओला ओला मारला आणि दहा मिनिटांत बॉनेटवर बारीक चिरांचं जाळं. थिनर प्लास्टिकमध्ये घुसला, आणि मोल्डिंगच्या वेळी ओढल्या गेलेल्या साखळ्यांचा ताण तिथं मोकळा होऊन तडे गेले. तेव्हापासून आधी प्रायमर, आणि कोट असे हलके की वाटावं काही पडलंच नाही.

हलके कोट मापासाठी पण लागतात. खऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर, त्याचा चोविसावा भाग म्हणजे ४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), तेवढा पातळ थर घरी कुणालाच जमत नाही. मॉडेलवर ०.१ मिलिमीटर रंग चढला तर तो खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर जाड लेप दिल्यासारखा दिसतो, दारांच्या रेषा बुजतात. मेटॅलिक रंगातली चमकी पण लहान होत नाही, म्हणून गाड्यांचा मेटॅलिक स्प्रे मॉडेलवर मारला की गाडी चमकी चिकटवलेल्या ग्रीटिंग कार्डासारखी दिसते. लांबी २४ पट कमी केली की वजन २४ गुणिले २४ गुणिले २४ म्हणजे १३,८२४ पट कमी व्हायला पाहिजे, ८०० किलोची बीटल मग जेमतेम ५८ ग्रॅमची, आणि पत्रा केसाच्या जाडीच्या अर्धा! माप लहान करता येतं, रेणू आणि थेंब लहान करता येत नाहीत.

आणि आपलं हवामान. मे मध्ये स्प्रे मारला तर थेंब गाडीपर्यंत पोचायच्या आतच अर्धे वाळतात, अंगावर पावडर बसल्यासारखा खरखरीत रंग. जुलैत उलटं, सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड करतो, माठातलं पाणी गार होतं तसंच, आणि हवेत ओल इतकी की तिथं दव धरतं, त्या बारीक थेंबांनी प्रकाश विखुरला जातो आणि काळा रंग पांढरट, धुकट दिसायला लागतो. कूलरच्या खोलीत तर मे मध्येसुद्धा जुलै असतो, तिथं रंगवूच नका. माझ्या मते नागपुरात रंगकामाचे दिवस म्हणजे दिवाळी ते संक्रांत, बाकी वर्षभर कापा, घासा, जोडा.

म्हणून नवी गाडी त्या सुट्टीत जोडून झाली पण रंगाविनाच राहिली, दिवाळीत पोट्टा परत आला तेव्हा रंगवली. काचा लावायला मी फेविकॉलच वापरला, तिथं त्याचा खरा उपयोग, पारदर्शक वाळतो आणि प्लास्टिकला धक्का लावत नाही, फेविक्विकची वाफ काचेवर बसून पांढरी पडते. टायर चढवायची वेळ आली तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या बारीक पट्ट्या कापत बसलो होतो, चारी रिमांवर गुंडाळायला, धातूतून तेल आरपार जात नाही. तर हा म्हणतो, चाकं चार आहेत ना मामा, मग चारी वेगळी करू.

मग तसंच केलं. पुढचं डावं चाक उघडं, काहीच न लावता. पुढच्या उजव्याला फॉइल. मागच्या डाव्या रिमवर ॲक्रिलिक रंगाचे तीन कोट, आणि मागच्या उजव्याला टायरच नाही, टायर वेगळ्या डबीत, कारण टायर न टेकवता तीच रिम तेवढ्याच गरमीत कशी राहते हेही बघायला पाहिजे, हे त्याचंच डोकं. गाडीच्या पोटाखाली बारीक मार्करनं तारीख आणि कुठलं चाक काय ते त्यानं स्वतः लिहिलं. गाडी माझ्याच शोकेसमध्ये आहे, काचेच्या फळीवर, आणि मे संपला की दरवर्षी पुढचा डावा टायर काढून फोटो पाठवायचा असं ठरलंय.