स्त्री-अत्याचारविरोधी लोकचळवळी : सातारा व सांगली जिल्हे

मारहाण, हुंड्यासाठी छळ, बायकोला टाकून देणे, गर्भलिंगनिदान, बालविवाह अशा अत्याचारांविरुद्ध गावकऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, संघटित होऊन केलेली कृती. कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत तिचा माग स्वातंत्र्यपूर्व काळापर्यंत लागतो. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून दोहोंचा इतिहास येथे एकत्र घेतला आहे. ‘घरातलं घरात मिटवा’ हा सल्ला झुगारून बाई चावडीवर आली, की निवाडा करायला कोण बसणार, हा या साऱ्या चळवळींतला कळीचा मुद्दा राहिला आहे.

१९४२ च्या आंदोलनातून उभ्या राहिलेल्या, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील साताऱ्याच्या प्रतिसरकारने (पत्री सरकार) गावोगाव न्यायदान मंडळे चालवली. सावकार, दरोडेखोर आणि गावगुंड यांच्याबरोबर बायकोला छळणाऱ्या, टाकून देणाऱ्या नवऱ्यांनाही त्यांच्यापुढे उभे राहावे लागे. हुंडा न घेता, थोडक्या खर्चात लावलेली ‘गांधी लग्ने’ ही याच काळातली. शिक्षा म्हणून तळपायांवर बसलेल्या फटक्यांच्या कहाण्या वाळवा, तासगाव, कराड भागात अजून चवीने सांगितल्या जातात. मात्र त्या सांगताना एक गोष्ट सहसा सुटते. निवाडा करणारे बहुतेक पुरुषच होते आणि बाईला दाद मिळे ती भूमिगत कार्यकर्त्याच्या धाकाने. तो कार्यकर्ता तुरुंगात गेला किंवा पुढे निवडणुकीच्या राजकारणात रमला, की धाकही त्याच्याबरोबर जाई.

प्रतिसरकारात काम केलेल्या कासेगावच्या (ता. वाळवा) इंदुताई पाटणकर यांनी हा धागा पुढे नेला. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि दुष्काळी खानापूर तालुक्यातले शेतकरी यांची मुक्ती संघर्ष चळवळ डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिच्यासोबत स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीची बांधणी झाली. इंदुताई आणि समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांचा तिच्यात मोठा वाटा होता. रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडायला येणाऱ्या बायकांशी बोलताना नवऱ्याने ‘नांदवायची नाही’ म्हणून माहेरी आणून सोडलेल्या बायका पुढे येऊ लागल्या. घटस्फोट झालेला नसे. म्हणून कागदोपत्री त्या विवाहित, आणि सासरच्या रेशनकार्डावरचे त्यांचे नाव त्यांच्या काही उपयोगाचे नसे. माहेरी भावजयीच्या राज्यात दिवस काढायचे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील पोटगीची कमाल मर्यादा केंद्रीय कायद्यात दरमहा ५०० रुपये होती आणि ती २००१ च्या दुरुस्तीने उठली. त्याआधीच्या काळात वकिलाची फी आणि एस.टी.चे भाडे वजा जाता हाती काय उरत असेल, याचा हिशेब वाचकानेच करावा.

या बायकांना ‘टाकलेली’ म्हणत. चळवळीने परित्यक्ता म्हणून त्यांच्या परिषदा घेतल्या आणि मागण्या मांडल्या. स्वतंत्र रेशनकार्ड, राहायला घर किंवा घरासाठी जागा आणि कसायला जमीन. दया, समजूत किंवा नवऱ्याला शिक्षा यांपेक्षा मालमत्तेवर दिलेला हा जोर, प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते, या भागाने महाराष्ट्राच्या स्त्री चळवळीला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. उंबऱ्याबाहेर पाय ठेवायला जागा असल्याशिवाय मार खाणारी बाई तक्रार करत नाही, हे या परिषदांना पक्के ठाऊक होते. सासरच्या घरात राहण्याचा हक्क पुढे कौटुंबिक हिंसाचार कायद्याने (२००५, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून) मान्य केला.

सांगली शहरात वेगळ्या वस्तीतून वेगळी वाट निघाली. १९९२ मध्ये मीना सेषू यांनी सुरू केलेल्या ‘संग्राम’ संस्थेचे काम गोकुळनगर या देहविक्रयाच्या वस्तीत एड्सप्रतिबंधापासून सुरू झाले. निरोध वाटणाऱ्या बायकांनीच पुढे १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद (व्हॅम्प) स्थापन केली. पोलिसांची मारहाण, गुंडांचा हप्ता, दवाखान्यातली हिडीसफिडीस हीदेखील हिंसाच आहे, असे म्हणणाऱ्या या बायका भलत्याच अडचणीच्या ठरल्या. कारण स्त्री चळवळीतल्या अनेकींना त्यांचा धंदाच हिंसा वाटत होता. हा वाद मिटलेला नाही. वस्तीतल्या तक्रारींचा निवाडा त्यांच्या स्वतःच्या समित्या करतात आणि अल्पवयीन मुलींना धंद्यात येऊ न देण्यावर त्यांचा भर असतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना पोलिसांनी सन्मानाने वागवावे, त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाल्यास इतर पीडितांप्रमाणेच मदत द्यावी, असे निर्देश दिले.

मुलगी जन्माला येण्याआधीच सुरू होणारी हिंसा येथे सधन, पाणीदार पट्ट्यातही ठळकपणे दिसली. २००१ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे सांगलीत ८५१ आणि साताऱ्यात ८७८ मुली होत्या. राज्याचा आकडा ९१३ होता. ऊस आणि द्राक्षांच्या पैशातून सोनोग्राफीही परवडू लागली होती. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी दलित महिला विकास मंडळ आणि ‘लेक लाडकी अभियान’ यांच्यामार्फत बेकायदा गर्भलिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांना पकडण्यासाठी छुप्या तपासणीचे तंत्र वापरले. खरीखुरी गरोदर कार्यकर्ती गिऱ्हाईक म्हणून जाते, सोबतची साक्षीदार नातेवाईक बनते, नोटांचे क्रमांक आधी टिपलेले असतात, संभाषण नोंदवले जाते आणि इशारा होताच पंचांसह आरोग्य अधिकारी आत येतात. यातला अवघड भाग छाप्यानंतरचा असतो. पोटातले मूल सांभाळत साक्षीदार बाईने वर्षानुवर्षे तारखांना हजर राहायचे आणि उलटतपासणी सोसायची असते. बीड जिल्ह्यातल्या परळीसारख्या दूरच्या गावांतही अभियानाने असे छापे घडवले. देशपांडे यांना २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. कायदा आणि छापे असूनही मार्च २०१७ मध्ये म्हैसाळ (ता. मिरज) येथे एका विवाहितेच्या गर्भपातातील मृत्यूनंतर पुरलेले १९ भ्रूण सापडले.

याच मनोवृत्तीचे उघड रूप म्हणजे ‘नकुशी’ हे नाव. पाठोपाठ मुलीच झाल्या की पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून ते ठेवत. सातारा जिल्हा परिषदेने शोध घेऊन २२ ऑक्टोबर २०११ रोजी अशा २८५ मुलींचे नव्याने नामकरण केले. कार्यक्रम गाजला. शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड यांवरचे नाव बदलण्याची दगदग मात्र बातम्यांत फारशी आली नाही.

दारू आणि मारहाण यांचे नाते बायकांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. दुकान बंद करण्यासाठी गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केल्यास गुप्त मतदान घेतात आणि ‘आडवी बाटली’ या चिन्हाला मते पडली तर परवाना जातो. सातारा, सांगलीत अशी मतदाने चुरशीने झाली आहेत. नियमातली मेख अशी, की झालेल्या मतांच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. पाटण, माण, खटाव या तालुक्यांतल्या कित्येक घरांतल्या बायका मुंबईला असतात; नाव गावच्या यादीत. न आलेले प्रत्येक मत दुकानदाराच्या पदरात पडते. म्हणून प्रचारापेक्षा मुंबईहून गाड्या आणण्याची तजवीज मोठी ठरते. दुकान गेले तरी ढाब्यावरची चोरटी विक्री उरते, ती वेगळीच.

सांगली जिल्ह्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाच्या भांडणांना ती उपयोगी पडली असेल. पण मिटवलेल्या तंट्यांवर गावाचे बक्षीस ठरू लागल्यावर ‘पोरीला समजावून नांदायला धाडा’ हाही तंटा मिटवण्याचाच एक प्रकार ठरतो आणि प्रतिसरकारच्या मंडळासमोरची बाई पुन्हा तशाच बैठकीसमोर येते, या वेळी धाक नवऱ्याला नसतो इतकेच. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकारी, पीडित स्त्रीला एकाच छताखाली मदत देणारे ‘सखी’ केंद्र, १८१ (महिला) व ११२ (आपत्कालीन) हे मदतीचे फोन क्रमांक त्यामुळे गावकीला वळसा घालण्याचे मार्ग म्हणून महत्त्वाचे आहेत.

बालविवाहाबाबत ग्रामसेवकालाच प्रतिबंधक अधिकारी नेमले आहे आणि अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते. दोघांनाही त्याच गावात राहायचे, वावरायचे असते. त्यामुळे १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर निनावी फोन बहुधा मुलीच्या मैत्रिणीचा, शिक्षिकेचा किंवा दुखावलेल्या भाऊबंदांचा असतो. पथक येण्याआधी कुणकुण लागली, तर मांडव जागच्या जागी राहतो आणि अक्षता शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या देवळात पडतात.