होल्डिंगचा वाद: हात काढून घेतले, मग परत दिले

५ फेब्रुवारी २००६, डेट्रॉइट. चाळिसाव्या सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगच्या अंतिम सामन्याचा, शेवटचा क्वार्टर, पिट्सबर्ग स्टीलर्स १४, सिएटल सीहॉक्स १०. सिएटलच्या मॅट हॅसलबेकचा पास जेरमी स्टीव्हन्सने झेलला आणि टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे गुण) अवघ्या एका यार्डावर आलं. पण मागे पंचांचा चूक दाखवणारा पिवळा फ्लॅग पडला होता. सिएटलच्या शॉन लॉकलिअरने ब्लॉक करताना, म्हणजे वाट अडवताना, पिट्सबर्गच्या क्लार्क हॅगन्सला धरलं, म्हणजेच होल्डिंग केलं, असा पंचांचा निर्णय. पास रद्द, शिवाय दहा यार्ड मागे. पिट्सबर्ग २१-१० जिंकलं. २०१० मध्ये पंच बिल लेव्ही यांनी चौथ्या क्वार्टरमधले आपले दोन निर्णय चुकल्याची कबुली दिली. त्यातला एक हाच, असं सिएटलकरांनी धरूनच टाकलं.

कबड्डी बघत वाढलेल्याला पकड हा गुन्हा कसा, हेच आधी कळत नाही. या खेळात चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून आडवं करता येतं. त्याची वाट मोकळी करणाऱ्या साथीदारांनी मात्र समोरच्याला ढकलायचं, रेटायचं, पण धरायचं नाही.

मुळात हे ढकलणंही चालत नसे. अमेरिकन फुटबॉल रग्बीतून निघाला, आणि रग्बीत चेंडूच्या पुढे राहून कुणाला अडवणं बेकायदाच. १८७९ मध्ये प्रिन्स्टनने हार्वर्डविरुद्ध चेंडूवाल्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खेळाडू पळवला. पुढे हे रक्षक त्याच्या पुढेही धावू लागले. तोवर लाइनमधले, म्हणजे समोरासमोरच्या पहिल्या रांगेतले, खेळाडू अंतर राखून, हात पसरून उभे राहत. १८८८ च्या नियमाने हात पसरून अडवण्यावर बंदी आली. हात गेल्यावर उरले खांदे, म्हणून खेळाडू खांद्याला खांदा लावून दाटीने उभे राहू लागले आणि खेळ घोळक्यांच्या धडकांचा झाला. १८९२ मध्ये हार्वर्डने आणलेला, पाचरीच्या आकारात धावून येणारा ‘फ्लाइंग वेज’ इतका धोकादायक ठरला की दोनच वर्षांत त्यावर बंदी आली.

पुढची कित्येक दशकं ब्लॉक म्हणजे खांदा, कोपर आणि छातीशी घेतलेल्या मुठी. मूठ वळलेली असली की पकडीचा प्रश्न फारसा येत नाही. पण १९७० च्या दशकात बचाव इतका वरचढ झाला की एनएफएलमध्ये गुण आटले. १९७४ मध्ये होल्डिंगची शिक्षा १५ यार्डांवरून १० वर आली. १९७७ मध्ये हेल्मेटवर थप्पड मारून ब्लॉकरला गांगरवण्यावर बंदी आली. बचावपटू डीकन जोन्सचं ते आवडतं हत्यार. आणि १९७८ मध्ये पास टाकणाऱ्याला वाचवताना ब्लॉकरला हात लांब करायला, पंजे उघडायला परवानगी मिळाली.

माझ्या मते आजच्या भांडणाचं मूळ इथेच आहे. उघडा पंजा जर्सीवर टेकला की बोटं आपोआप वळतात. म्हणून नुसतं धरणं पंच बघत नाहीत. त्या पकडीने प्रतिस्पर्धी खरोखर रोखला गेला का, हे बघतात. छातीवरची पकड बऱ्याचदा सुटून जाते, पण प्रतिस्पर्धी निसटत असताना जर्सी ताणली की फ्लॅग पडतो. ‘खरोखर’ म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या संघावर ठरतं!

सिएटलला पडलेला फ्लॅग खुपतो, न्यू इंग्लंड पेट्रियट्सला न पडलेला. ३ फेब्रुवारी २००८ रोजीच्या सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा एली मॅनिंग पेट्रियट्सच्या गराड्यातून निसटला आणि त्याचा पास डेव्हिड टायरीने हेल्मेटला दाबून झेलला. त्या झटापटीत जायंट्सच्या लाइनमननी उघड होल्डिंग केलं, असं पेट्रियट्सचे चाहते आजही रिप्ले थांबवून दाखवतात. पेट्रियट्स सलग १८ विजय घेऊन आले होते. सामना १७-१४, जायंट्सचा.