हिब्रूचे शब्द तीन अक्षरांतून कसे फुटतात

शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर ठेवून मधली कशीही फिरवा, मेंदू बरोबर वाचतोच, केंब्रिजचं संशोधन आहे, असा मेसेज २००३ पासून फिरतोय. मुळात केंब्रिजमध्ये असं संशोधन झालंच नव्हतं. आणि हिब्रूत तर हा नियम साफ आपटतो. २००७ मध्ये वेलान आणि फ्रॉस्ट या संशोधकांनी इंग्रजी-हिब्रू दोन्ही उत्तम येणाऱ्यांना अक्षरं उलटसुलट केलेली वाक्यं दाखवली, इंग्रजीत फारसं बिघडलं नाही, हिब्रूत वाचन कोलमडलं.

कारण हिब्रू शब्दाचा गाभा बहुतेकदा तीन व्यंजनं असतात, त्याला म्हणतात शोरेश, म्हणजे मूळ. स्वर तर रोजच्या लिखाणात बहुतेक लिहीतच नाहीत. केशेर म्हणजे संबंध, शेकेर म्हणजे खोटं, व्यंजनं तीच, फक्त क्रम बदलला!

आता खरी गंमत. या व्यंजनांवर स्वरांचा ठराविक साचा बसतो आणि साच्यालाही स्वतःचा अर्थ असतो. माझा सगळ्यात लाडका आजारांचा साचा, आ-ए-ए आणि शेवटी त. आदोम म्हणजे लाल, आदेमेत रुबेला. त्साहोव पिवळा, त्साहेवेत कावीळ. केलेव्ह कुत्रा, कालेवेत रेबीज. सुकार साखर, साकेरेत मधुमेह. न-झ-ल म्हणजे वाहणं, तर नाझेलेत म्हणजे नाक वाहणारी सर्दी. मूळ माहीत असलं की आजाराचं नाव पहिल्यांदा ऐकूनही अंदाज येतो. सरसकट नाही हां, राकेवेत याच घाटाचा पण ती रेल्वे, र-क-व म्हणजे स्वार होणं यावरून.

ख-श-व म्हणजे विचार करणं, त्यातून खेश्बोन म्हणजे हिशेब, हॉटेलचं बिलसुद्धा, आणि माख्शेव म्हणजे कॉम्प्युटर (ब आणि व तिथे एकच अक्षर). आपला हिशेब अरबीतून आलाय, अरबी-हिब्रू दोन्ही सेमिटिक या एकाच भाषाकुळातल्या, म्हणून तो याच मुळाचा भाऊबंद. अरबी किताब आणि हिब्रू मिख्ताव (म्हणजे पत्र), यांचंही तसंच. पण हे नातं ध्वनींच्या नियमित बदलांवरून ठरतं, नुसत्या सारख्या आवाजावरून नाही, त्यामुळे हिब्रू संस्कृतातून निघाली म्हणणाऱ्यांच्या किंवा हिब्रू अक्षरांच्या बेरजा करून भविष्य सांगणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नका.

शिकताना वहीत एका मुळाला एक पान द्या. सेफेर पुस्तक, सिपूर गोष्ट, सिफ्रिया लायब्ररी, मिस्पार संख्या, सगळे स-फ-र चे, प आणि फ पण एकच अक्षर. सापार म्हणजे न्हावी, अक्षरं हीच पण मूळ वेगळं, त्याला मिस्पाराइम म्हणजे कात्रीबरोबर दुसऱ्या पानावर लिहा.