व्हिला कार्लोत्ता उद्यान

इटलीच्या लोम्बार्डी विभागात, कोमो सरोवराच्या पश्चिम काठावर त्रेमेत्झो येथे असलेल्या ऐतिहासिक महालाचे उद्यान. विस्तार सुमारे ८ हेक्टर. महाल मिलानच्या क्लेरिची घराण्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस उभारला.

समोरच्या काठावरील बेल्लाज्योहून बोटीने येणाऱ्याला हे उद्यान सर्वांत चांगले कळते, कारण त्याची मूळ रचना पाण्यावरून पाहण्यासाठीच केलेली आहे. प्रवेशद्वारापासून महालापर्यंत एकावर एक चढत गेलेल्या गच्च्या आणि त्यांना जोडणारे दुहेरी जिने बोटीतून एका नजरेत दिसतात. आत शिरल्यावर मात्र ते टप्प्याटप्प्याने उलगडतात. कातरलेली कुंपणे, पुतळे, कारंजी आणि लिंबूवर्गीय झाडांचे मांडव हा सर्व भाग इटालियन पद्धतीचा आहे.

१८०१ मध्ये राजकारणी जोव्हान्नी बात्तिस्ता सोम्मारिव्हा याने ही मालमत्ता विकत घेतली. त्याचा प्रतिस्पर्धी फ्रांचेस्को मेल्झी याने बेल्लाज्यो येथे आपला महाल व बाग उभारली, त्यामुळे दोघांची चढाओढ आजही सरोवराच्या दोन काठांवर पाहता येते. सोम्मारिव्हाने आंतोनियो कानोव्हा, बेर्तेल थोर्वाल्सन आदींची शिल्पे जमवली. ही शिल्पे असलेल्या महालातील दालनांसाठी वेळ राखून ठेवणे योग्य ठरते.

१८४३ मध्ये नेदरलंड्सची राजकन्या मारियाने हिने महाल विकत घेतला आणि पुढे तो आपली मुलगी शार्लोट हिला विवाहानिमित्त दिला. महालाचे आजचे नाव तिच्याच नावाचे इटालियन रूप होय. १८५५ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, ती मृत्यू पावली. तिचे पती, साक्स-मायनिंगेन या जर्मन संस्थानाचे जॉर्ज दुसरे, यांना वनस्पतिशास्त्राची मनापासून आवड होती आणि उद्यानाची खरी श्रीमंती त्यांच्या काळातली आहे. खोल सरोवरामुळे हिवाळा सौम्य राहतो, म्हणून आल्प्सच्या पायथ्याशी असूनही येथे दूरदेशीच्या नाजूक वनस्पती तग धरतात. अझेलिया या फुलझाडाच्या दीडशेहून अधिक जाती येथे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत त्यांच्या गोल छाटलेल्या, माणसाहून उंच झुडपांमधून वाट जाते, तेव्हा फुलांमुळे पाने जवळजवळ दिसेनाशी होतात.

पहिल्या महायुद्धानंतर महाल इटालियन सरकारकडे आला आणि १९२७ पासून स्वतंत्र संस्था त्याची देखभाल करते. हिवाळ्यात उद्यान बंद असते. अनेक पाहुणे गच्च्या आणि अझेलिया पाहून परततात. पण ओढ्याकाठची नेच्यांची सावलीची दरी आणि त्यापलीकडचे बांबूचे बन गाठण्यासाठी किमान अर्धा दिवस हाताशी ठेवावा.