चेता-स्नायू संधी

प्रेरक चेतापेशीच्या अक्षतंतूचे टोक आणि कंकाल स्नायूचा तंतू यांमधील संपर्कस्थान. दोन्ही पटले एकमेकांना चिकटलेली नसून त्यांत सु. ५० नॅनोमीटरची फट असते. विद्युत्‌-आवेग ही फट स्वतः ओलांडत नाही. ते काम ॲसिटिलकोलीन हे रसायन करते.

क्युरारी (बाणांना लावायचे वनस्पतिज विष) दिलेल्या बेडकाचा स्नायू चेतेला विजेचा झटका दिल्यास आकसत नाही, थेट स्नायूला दिल्यास मात्र आकसतो, हे क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवले. रासायनिक संदेशवहनाचा पुरावा म्हणून ओटो लोवी यांचा १९२१ चा प्रयोग सांगितला जातो. पण तो हृदयावरचा आहे. ऐच्छिक स्नायूबाबत निर्णायक काम हेन्री डेल, फेल्डबर्ग व फोग्ट यांचे (१९३६) मानणे अधिक योग्य.

चेतेच्या टोकात ४०–५० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) असतात व प्रत्येकीत काही हजार ॲसिटिलकोलीन रेणू असतात. आवेग पोचताच कॅल्शियम आयनांची द्वारे उघडतात. आत आलेले कॅल्शियम पुटिकेवरील सिनॅप्टोटॅगमिन या प्रथिनाला जोडले जाते. पुटिकेवरील सिनॅप्टोब्रेव्हिन आणि टोकाच्या पटलावरील सिंटॅक्सिन व स्नॅप-२५ यांचा पीळ आधीच बसू लागलेला असतो. तो घट्ट होऊन पटले एकरूप होतात व पुटिका फटीत रिकामी होते. स्राव कॅल्शियमच्या साधारण चौथ्या घाताने बदलतो, म्हणून त्यात किंचित घट झाली तरी स्राव झपाट्याने उतरतो. स्नायूवरील एक ग्राही (रसायन ओळखून आयनांना वाट देणारे प्रथिन) उघडण्यास दोन रेणू लागतात. उरलेले ॲसिटिलकोलीन कोलिनएस्टरेज हे विकर फोडते आणि कोलीन टोकात परत घेतले जाते.

स्राव ठरावीक मापाच्या पुड्यांनी (एक पुडी म्हणजे एका पुटिकेतील साठा) होतो हा शोध बर्नार्ड कॅट्झ व सहकाऱ्यांचा (१९५२–५४). द्रावणातील कॅल्शियम कमी व मॅग्नेशियम जास्त ठेवले असता स्नायूतील प्रतिसाद सु. अर्धा मिलिव्होल्ट या एककाच्या पटीतच येतात, कधी शून्यही. मुक्त ॲसिटिलकोलीन पेशीद्रवातून थेट पटलाबाहेर पडते, असे मत पुढे मांडले गेले. ते आता मागे पडले आहे.

रिकाम्या पुटिकेचे पुढे काय होते, यावर मात्र मतभेद टिकून आहेत. ह्यूजर व रीज यांच्या मते (१९७३) ती पटलात पूर्ण विरघळते व बाजूच्या जागेतून क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या आवरणासह परत खुडली जाते. चेकारेल्ली यांच्या गटाने त्याच वर्षी, ती क्षणभर उघडून जागीच मिटते असे सुचवले. दोघांचेही प्रयोग बेडकावरचे. पण पहिल्यांनी उद्दीपन सेकंदाला १० वेळा अल्पकाळ दिले, दुसऱ्यांनी २ वेळा कित्येक तास. निष्कर्षांतील तफावत बरीचशी येथूनच येते. भरपूर स्राव होत असताना पहिला मार्ग प्रमुख असावा, याकडे पुराव्यांचा कल दिसतो. सु. २०१३ नंतर सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात होणारा तिसरा मार्ग पुढे आला. तो प्रथम सूत्रकृमीच्या चेता-स्नायू संधीत व उंदराच्या मेंदूतील चेतासंधींत आढळला.

बिघाड कोणत्या पायरीवर आहे, हे स्रावाच्या पुडीचा परिणाम व पुड्यांची संख्या यांवरून ओळखता येते. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुर्बल करणाऱ्या रोगात सहसा प्रतिपिंडे ग्राहींवर हल्ला करतात; पुड्यांची संख्या ठीक असते, प्रत्येकीचा परिणाम मात्र घटतो. लँबर्ट-ईटन या अशाच दुर्बलतेच्या विकारात कॅल्शियम-द्वारे बाधित होतात. पुडी पूर्ण असते, संख्या घटते. म्हणूनच दहा सेकंद जोर लावल्यावर टोकात कॅल्शियम साठून ताकद तात्पुरती वाढते. बोट्युलिनम विषाचा ‘अ’ प्रकार स्नॅप-२५ तोडतो. पुटिका टोकाशी येऊन थांबतात, पण उघडत नाहीत. नागाचे विष मुख्यतः ग्राही अडवते, त्यामुळे निओस्टिग्मिन या कोलिनएस्टरेज रोखणाऱ्या औषधाने फरक पडू शकतो. मण्याराच्या विषातील घटक चेतेचे टोकच नष्ट करतात, तेथे या औषधाचा फारसा उपयोग होत नाही व टोक पुन्हा वाढेपर्यंत कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते.